रज्जाकभाईंचा नमुना

प्रवासाहून परतताना माणसं काही ना काही घेऊन येतात. कुणी साडी आणतं, कुणी लोणचं, कुणी नुसताच खोकला. मी गेल्या हिवाळ्यात पुण्याहून निघाले आणि पार अकोल्यापर्यंत गेले, ते एका सद्गृहस्थाची लघवी आणायला. नाक मुरडू नका. इतका चविष्ट प्रवास मी दुसरा केलेला नाही.

सद्गृहस्थांचं नाव रज्जाकभाई. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. त्यांची बायको जुबेदा माझी शाळेतली मैत्रीण. वडिलांची बदली अकोल्याला झाली होती तेव्हा आम्ही दोघी एका बाकावर बसून एकमेकींचे डबे संपवत असू. दिवाळीनंतर तिचा फोन आला.

"सुशे, माहा घरवाला तपासनी नाई करून राहिला. साखर एवढ्या वर्षांची. माहे जेठजी, याचे मोठे भाई, किडनीनं गेले ते तुले माहीत हाय. तवापासून हा मानूस दवाखान्याच्या गल्लीतून बी जात नाई. काही कर ना बाई."

मी काय करणार? मी शाळेत भूगोल शिकवते. पण माझी भाची गौरी डॉक्टर आहे, आणि नेमकं मधुमेहानं मूत्रपिंडं कशी बिघडतात यावरच तिचं संशोधन चाललं होतं. त्यासाठी तिला वऱ्हाडातल्या मधुमेही माणसांच्या लघवीचे नमुने हवे होते. मी तिला म्हटलं, "मी येते तुझ्याबरोबर. तू सगळ्यांचे नमुने घे, मला फक्त एकाचा मिळवून दे."

अमरावती

अमरावतीला गौरीच्या ओळखीची एक प्रयोगशाळा होती. तिच्या शीतपेटीत नमुने ठेवायचे होते. ती व्यवस्था होईपर्यंत आम्ही गिला वडा खाल्ला. आमच्याकडे दहीवडा नाजूकपणे चमच्यानं खातात. इथं माणूस गाड्याशी उभा राहतो, बाह्या वर करतो आणि वड्याशी दोन हात करतो. दुसरी प्लेट मागवत मी गौरीला म्हटलं, "आता सांग, तू नक्की शोधतेस काय? पण मला कळेल असं सांग."

"मावशी, आपल्या शरीरात एक वायू तयार होतो. नायट्रिक ऑक्साइड."

"वायूबद्दल मला चांगली माहिती आहे."

"तो नव्हे गं! हा रक्तवाहिन्यांना सैल करतो, म्हणजे रक्त नीट वाहतं. तो तयार करणारी तीन विकरं असतात. एन्झाइम. तीन जावा समज. एक मज्जातंतूंत राहते. दुसरी वाहिन्यांच्या अस्तरात राहते, ती मोजूनमापून वायू सोडते. आणि तिसरी एरवी घरात दिसतही नाही, पण भांडण पेटलं की येते आणि वायूचा लोंढा सोडते."

तिसऱ्या जावेला मी लगेच ओळखलं. आमच्या घरात ती आहे. नाव सांगत नाही.

"मूत्रपिंड म्हणजे गाळण्यांचा ढीग," गौरी पुढं म्हणाली. "मधुमेह नवा असताना या गाळण्या गरजेपेक्षा जास्तच काम करतात. त्यात या वायूचा हात असावा. पण साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की अस्तरातल्या जावेला तिचं सामान पुरत नाही. बाई तीच, चूल तीच, पण भाकरीऐवजी नुसता धूर होतो. वायू कमी आणि वाहिन्यांना जाळणारं भलतंच काहीतरी जास्त. मग वाहिन्या आखडतात, गाळणी फाटते आणि रक्तातली प्रथिनं लघवीत गळायला लागतात. यातली कोणती जाऊ कधी बिघडते, ते मला बघायचंय."

"आणि लघवीत ते दिसतं?"

"थोडंफार. वायूचं शेवटी नायट्रेट होतं, ते मोजता येतं. पण पालेभाजीतही भरपूर नायट्रेट असतं. म्हणून नमुना देण्याआधी तीन दिवस पालेभाजी बंद."

मी हातातल्या सांभारवडीकडे पाहिलं. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांभार म्हणतात आणि तिची मूठच्या मूठ पारीत भरून तळतात. ऐन थंडीत, मेथी, आंबाडी आणि सांभाराच्या राज्यात ही पोरगी पालेभाजी बंद करायला आली होती. नमुना देणाऱ्यांत मी नव्हते, एवढंच समाधान. मी आणखी दोन वड्या घेतल्या.

दर्यापूरकडे

दर्यापूरच्या बाजूला जमीन काळी आणि सपाट. इतकी सपाट की समोरून येणारी जीप दहा मिनिटं आधी दिसते आणि तरीही आपल्याला चाटून जाते. कापसाची शेवटची वेचणी चालली होती. घरांच्या भिंती बियाण्यांच्या जाहिरातींनी रंगलेल्या होत्या. शेतकऱ्यांच्या हालांच्या बातम्या तेव्हा रोज पहिल्या पानावर येत होत्या, आणि त्यामुळे गावोगाव चौकशीला येणाऱ्या गाड्यांचा धुरळा खाली बसत नव्हता. आम्ही एका ओसरीवर टेकलो नाही तोच घरच्या आजींनी डोक्यावर पदर घेतला आणि पाठ केल्यासारखं सुरू केलं.

"लिवा. जमीन सात एकर, पोरं दोन, विहीर एक, पानी खारं. अजून काय लिवता?"

"आजी, आम्ही कमिटीच्या नाही," गौरी म्हणाली.

"मंग कावून आल्या?"

गौरीनं सांगितलं. तुमच्या साखरेच्या आजारासाठी लघवी तपासायचीय, तुमची हरकत नसेल तर. आजींनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आतल्या सुनेला हाक मारली.

"अवं, ऐकलं का? पयलीच कमेटी पाह्यली बाप्पा, जे काही मांगून नेते! बाकीचे सारे देतो म्हनून जातात."

सगळी ओसरी हसली. त्या हसण्यावर गावानं तीन दिवस पालेभाजी सोडली, आम्हाला घरोघर नमुने मिळाले, जेवणही मिळालं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा. ठेच्याचा पहिला घास घेतला आणि मला कानांतून काहीतरी बाहेर पडल्याचा भास झाला. मी पाण्यावर झडप घातली, तर आजींनी माझा हात धरला. "ते पिऊ नका, हिरीचं हाय. खारं हाय. हे घ्या, नळाचं." पूर्णेच्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारट. गोडं पाणी लांबून नळानं येतं, तेही त्याच्या मर्जीनं, आणि ते पाहुण्यासाठी राखून ठेवतात. गौरीनं मात्र विहिरीच्या पाण्याचीही एक बाटली भरून घेतली. खारं पाणी रक्तदाबाला वाईट, शिवाय शेतातल्या खताचं नायट्रेट पाण्यात उतरलं असेल तर तिचं सगळं गणित चुकणार. आजींना त्या बाटलीचं जास्त आश्चर्य वाटलं. मूत नेलं ते ठीक, पण हे पाणी कुणी कशाला न्यावं?

नमुने बर्फाच्या पेटीत घालून अमरावतीला रवाना केले, दुसरी पेटी घेतली आणि अकोल्याच्या जीपमध्ये चढलो. दहा माणसांच्या जीपमध्ये सोळावी मी होते. एका धिप्पाड काकांनी पेटीवर बसकण मारली आणि प्रेमानं विचारलं, "काय हाय जी पेटीत? कुल्फी?"

"नाही हो. मूत," मी म्हटलं.

पेटीत त्या वेळी नुसता बर्फ होता. पण पुढचा सगळा रस्ता आम्ही दोघी पाय पसरून गेलो.

अकोला, जुने शहर

मोर्णा नदीचा पूल ओलांडला की अकोला अरुंद होतं. एकीकडे अत्तर, एकीकडे तळणाचा वास, मधून सायकली आणि शेळ्या. रज्जाकभाईंचं दुकान शोधावं लागत नाही. गल्लीत कापसाचे तंतू उडायला लागले की आपण जवळ आलो. आत पिंजायचं यंत्र घरघरत होतं आणि त्याच्या मागून एक गृहस्थ उगवले. दाढीवर कापूस, भुवयांवर कापूस, टोपीवर कापूस.

"या या, सालीसाहेबा!" बायकोची मैत्रीण म्हणजे मेहुणी, हा हिशेब त्यांनी लग्नाच्या दिवशीच पक्का केला होता. "पुन्यात चाय मापून देतात म्हने. मंग तुमी एवढ्या जाड कशा झाल्या?"

"तुमच्याकडे येऊन येऊन."

"मंग अजून या!"

जुबेदा पुढं आली, मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "आज काही बोलू नको. आज बिर्यानी हाय."

दुसऱ्या दिवशी मी एक गादी भरून मागितली. रज्जाकभाईंनी पोत्यात हात घातला, जरा आत चाचपला आणि मूठ बाहेर काढून माझ्यासमोर उघडली. लांब धाग्याची, पांढरीशुभ्र रुई. मी हुरळले.

"हीच भरणार ना गादीत?"

"अशीच," ते म्हणाले.

"हीच नाई म्हनला, अशीच म्हनला," जुबेदा आतून ओरडली. "पाहून घे सुशे!"

रज्जाकभाई अजिबात शरमले नाहीत. "अवो, मूठ दाखवाची त चांगलीच दाखवाची. शेतकरी मंडीत आमाले चांगली मूठ दाखवते, आमी गिऱ्हाइकाले दाखवतो. सगळ्याइले माहीत हाय, म्हनून कोनी फसत नाई. खराब मूठ दाखवली त अपमान हाय समोरच्याचा!"

मग मी विषय काढला. त्यांच्या तब्येतीचा नाही, गौरीच्या अभ्यासाचा. पोरगी एवढ्या लांबून आलीय, नमुने कमी पडताहेत. मी डोळ्यांत थोडं पाणीसुद्धा आणलं. शाळेच्या संमेलनात दरवर्षी नाटक बसवते, तो अनुभव कामी आला. गौरीनं मात्र माझ्याकडे रागानं पाहिलं आणि सरळ सांगून टाकलं, "चाचा, अभ्यास माझा आहे, पण तुमच्या नमुन्यात काही दिसलं तर मी तुम्हाला सांगणार. चालेल?"

रज्जाकभाईंनी टोपीवरचा कापूस झटकला. मग हसून म्हणाले, "घे बेटी. मी अजून पुन्याले गेलो नाई. माहा मूत त जाऊ दे!"

पुढचे तीन दिवस जुबेदानं त्यांच्यावर पहारा ठेवला. मेथी-गोश्त हा त्यांचा जीव की प्राण, आणि शेजारी रोज मेथीच शिजत होती. ते खिडकीत उभे राहून दीर्घ श्वास घेत. "वास घेतला त चालते ना, डाक्टरीन?" गौरी म्हणे, वास चालतो. त्यांच्या वाटणीची मेथी मी खाल्ली. कुणीतरी खायलाच हवी होती.

नमुन्याच्या दिवशी सकाळी बाटली आली ती ट्रेमधून, इस्त्रीच्या रुमालाखाली झाकून. गौरी पेटीत ठेवण्याआधी प्रत्येक नमुन्यात एक पट्टी बुडवून बघत असे. साखर असेल तर एक चौकोन रंग बदलतो, प्रथिन असेल तर दुसरा. तिनं पट्टी बुडवली. एकही चौकोन हलला नाही. साखर नाही, प्रथिन नाही. जुबेदा दाराशी ओढणी घट्ट धरून उभी होती. तिनं श्वास सोडला. मीही सोडला.

गौरीनं सोडला नाही. तिनं रज्जाकभाईंचं बोट टोचून रक्तातली साखर पाहिली. ती भरपूर होती.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "रक्तात इतकी साखर असली की लघवीत उतरतेच. हा नमुना यांचा नाही."

मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "रज्जाकभाई, हे कुणाचं?"

"माहाच."

"शपथ घ्या."

"आता सक्काळी सक्काळी शपथेचं काम काहून पडलं?" त्यांनी यंत्राकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि शेवटी कोपऱ्यात गाठोडी बांधणाऱ्या आपल्या तिशीतल्या लेकाकडे, सलीमकडे पाहिलं. सलीमनं मान खाली घातली. "घरचाच माल हाय ना बाई! बाप-लेकाचं रक्त एकच. पोरगी एवढ्या दुरून आली, तिले खराब नमुना कसा देऊ? चांगला होता त चांगला देल्ला."

जुबेदा झारा घेऊनच बाहेर आली. "मंग तीन दिस मेथी काहून सोडली?"

"थोडी इमानदारी बी ठेवा लागते ना."

मला इतकं हसू आलं की मी गाद्यांच्या ढिगावर बसले. सलीम हसला, गौरीसुद्धा हसली. रज्जाकभाईही हसत होते, पण त्यांचं हसणं आमच्या आधी संपलं. दाढीवरचा कापूस काढत ते खाली बघून बोलले.

"माह्यात फेस येते."

कुणीतरी यंत्र बंद केलं.

"दोन-चार महिने झाले. मोठ्या भाईच्या बी येत होता. तो म्हने, मोरीत साबन सांडला असंन. मी बी तेच म्हनलं. आज बाटलीत पाह्यलं. बाटलीत कुठला साबन?"

जुबेदाच्या हातातला झारा खाली आला. ती त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि त्यांच्या दाढीतला उरलेला कापूस काढू लागली.

गौरी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "चाचा, मंडीतली मूठ भाव करायला असते. मला भाव करायचा नाही. चांगला माल मला पुण्यातही मिळतो, मला बिघडलेलाच पाहिजे. मोठ्या चाचांचा फेस कुणी तपासला होता?"

"कोनीच नाई. दवाखान्यात नेला त डाक्टर म्हने, आता रक्त धुवाच्या मशीनवर टाका."

"मग तुमचा बघू या. आत्ता."

ते उठले. जाताना बाटली त्यांनी कुर्त्याखाली लपवली, येताना सरळ हातात धरून आणली. ना ट्रे, ना रुमाल. वर पांढरा फेस होता, खळखळून घुसळलेल्या ताकावर असतो तसा. गौरीनं पट्टी बुडवली. साखरेचा चौकोन तपकिरी झाला आणि प्रथिनाचा पिवळा चौकोन आमच्या डोळ्यांदेखत हिरवा होत गेला.

"गाळणी गळतेय," ती म्हणाली. "पण एका पट्टीवर सगळं ठरत नाही. रक्त तपासायला हवं, रक्तदाब पाहायला हवा. आजच."

"मशीनवर नाई टाकून राहिली ना?"

"नाही हो."

त्या दिवशी तो माणूस किती वर्षांनी कोण जाणे, दवाखान्याच्या गल्लीत शिरला. एका बाजूला जुबेदा, एका बाजूला मी. पळून जातील म्हणून नव्हे. पण शक्यता नाकारता येत नव्हती. डॉक्टर शांत होते. रक्तदाब चढलेला निघाला. रक्ताचा अहवाल आला तो फारसा बिघडलेला नव्हता. गाळण्या गळत होत्या, पण अजून काम करत होत्या. डॉक्टरांनी गाळणीवरचा ताण कमी करणारी एक गोळी रोजची लावून दिली, साखरेची औषधं बदलली आणि विचारलं, "दुसरं काही घेता?"

"काही नाई," रज्जाकभाई म्हणाले.

"कमरेसाठी हा मानूस गोया खाते," जुबेदा म्हणाली. "फुटान्यावानी."

दुखणं थांबवायच्या त्या गोळ्या मूत्रपिंडाच्या मुळावर येतात, असं डॉक्टरांनी खडसावून सांगितलं. घरी आल्यावर गल्ल्यातून, टोपीतून आणि एका उशीच्या अभ्र्यातून गोळ्या निघाल्या. जुबेदानं सगळ्या मोरीत ओतल्या. कंबर ती रोज संध्याकाळी शेकून देणार होती, आणि पिंजण्याचं ओझं उचलायला आता सलीम होता.

ही बातमी रज्जाकभाई लपवतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी संध्याकाळी चहाच्या टपरीवर उभं राहून सगळ्या गल्लीला स्वतःच सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर पाच-सहा माणसं बाटल्या घेऊन उभी. टेलर, कांदेवाले, मशिदीजवळचे घड्याळवाले चाचा. रज्जाकभाई उंबऱ्यावर बसून प्रत्येकाची झडती घेत होते.

"सोताचा हाय का?"

"सोताचाच."

"घरात कोनाचा चांगला पाहून आनला असंन त वापस ने. अठी चांगला माल घेत नाई."

"कसम से रज्जाकभाई, एकदम खराब हाय!"

गौरीचे सगळे नमुने तिच्या अभ्यासात बसणारे नव्हते. मेथी खाऊन आलेलेही होते त्यात. पण तिनं एकही बाटली पट्टी बुडवल्याशिवाय परत पाठवली नाही, आणि ज्यांच्या पट्ट्यांचे रंग बदलले त्यांना त्याच डॉक्टरांकडे धाडलं.

निघायच्या दिवशी रज्जाकभाई आणि जुबेदा स्टेशनवर आले. माझी गादी गुंडाळून सलीमनं डब्यात चढवली. आत कोणती रुई आहे ते मी विचारलं नाही. गाडी सुटायला थोडा वेळ होता. रज्जाकभाई खिडकीशी आले, इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून गौरीला म्हणाले, "बेटी, डाक्टरनं दोन महिन्यानं पुन्हा नमुना मांगतला."

"तुमचाच द्यायचा."

"माहाच देतो. ते नाई इचारून राहिलो." ते घुटमळले. खिडकीचा गज त्यांनी घट्ट धरला होता. "मी राहीन ना?"

गौरीनं एकेक बोट मोडत सांगितलं. "गोळी रोज घेतली, साखर सांभाळली, कमरेची गोळी पुन्हा तोंडात टाकली नाही, तर चांगली पुष्कळ वर्षं राहाल चाचा. मला तसं वाटतं."

त्यांनी गज सोडला. मग त्यांची छाती फुगली, दाढी वर झाली आणि ते आख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात बायकोला म्हणाले, "ऐकलं का जुबेदा? पुष्कळ वर्षं! आता तुहं काही खरं नाई!"

जुबेदानं ओढणीनं डोळे पुसले, नाकही पुसलं, आणि खिडकीतून गौरीपुढं हात पसरला.

"मंग बाई, एखादी गोळी मले बी देऊन जाय."